खालचा पेंढा

साडू ही जात देवानं कशासाठी निर्माण केली असावी, याचा दाजींनी आयुष्यात पुष्कळ विचार केला होता आणि दर वेळी ते एकाच उत्तरावर येऊन थांबले होते. आपल्याला जाळायला, दुसरं काय!

आता हे 'दाजी' नावसुद्धा साडूनंच मागं लावून दिलेलं. शर्यतीच्या घोड्यांच्या त्या तबेल्यात बावीस वर्षं त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत. नवा मोतद्दार आला की खरारा कसा धरायचा, बुजऱ्या घोड्याच्या ठाणात कसं शिरायचं, हे मास्तर शिकवत. मग बायकोनं डोकं खाल्लं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं धाकट्या मेहुणीच्या नवऱ्याला तिथं नोकरीला लावलं. तो पहिल्याच दिवशी फाटकातून ओरडला, "दाजी, बादली कुठं ठेवू?" बायको ज्यांना दाजी म्हणते त्यांना आपणही दाजीच म्हणायचं, असा त्याचा साधा हिशोब. पंधरा दिवसांत नालबंदापासून ट्रेनरसाहेबांपर्यंत सगळे दाजी म्हणायला लागले. मास्तर गेले ते गेलेच.

साडूचं तबेल्यातलं नाव साखऱ्या. खिशात कायम साखरेचे खडे, आणि जिभेवरही तेच. वय पस्तीस, दात पांढरे, घोड्यांशी बोलताना आवाज असा की ऐकणाऱ्या माणसानंही मान पुढं करावी. दाजी त्याला पाठीमागं 'आयत्या बिळावरचा नागोबा' म्हणत, आणि त्यालाही कारण होतं.

ते बीळ म्हणजे टिकली. कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका असलेली तांबूस घोडी. आठ महिन्यांचं शिंगरू होती तेव्हा आली ती दाजींच्या हाताखाली. आईवेगळी, लाथाळ, कुणाला जवळ न येऊ देणारी. दोन वर्षं दाजींनी तिला वाढवलं. दोराची सवय लावली, नाल ठोकताना उभं राहायला शिकवलं, शीळ घातली की लघवी करायला शिकवलं, कारण शर्यतीनंतर तपासणीला लघवी द्यावी लागते आणि घोडं काही आपल्या सोयीनं मुतत नाही. सगळं शिकून तयार झाली, धावायला लागली, आणि ट्रेनरसाहेब म्हणाले, "दाजी, तुमच्या कमरेला आता ही दांडगाई झेपायची नाही. टिकली साखऱ्याकडं देऊ. तुम्ही आजोबाकडं बघा."

कमरेचा काय संबंध? दाजींची कंबर ठणठणीत होती. पोटात मात्र जे दुखायला लागलं ते दोन वर्षं थांबलं नव्हतं. साखऱ्याची पावलं वाजली की टिकली खिंकाळायची. दाजींची पावलं वाजली की कान टवकारायची, बघायची आणि पुन्हा गवतात तोंड घालायची. हे ते रोज बघत आणि रोज त्यांच्या अंगाचा तिळपापड होई.

आजोबा म्हणजे तबेल्यातला सगळ्यात म्हातारा घोडा. त्याच्या शर्यती कधीच्या संपल्या होत्या. तरण्या, बिथरलेल्या घोड्यांना मैदानापर्यंत सोबत करायची एवढंच त्याचं काम. दोन्ही गुडघे सुजलेले. त्यासाठी त्याला रोज सूज उतरवणारी पूड द्यावी लागे, आणि ही पूड हेच दाजींचं उरलेलं राज्य होतं.

डॉक्टरबाईंनी त्यांना ते सगळं नीट समजावून दिलं होतं. बाई तरुण होत्या, पण समोरच्याला मूर्ख समजून बोलत नसत. "दाजी, माणसाचं गणित घोड्याला लावू नका. पूड पोटातून रक्तात उतरायला हवी. पण पोटात गवत भरलेलं असलं तर पूड त्या गवतालाच चिकटून बसते आणि पार मोठ्या आतड्यात जाऊन गवत कुजेपर्यंत सुटत नाही. मग सकाळी दिलेलं औषध संध्याकाळी चढतं."

"म्हणजे आधी पूड, मग गवत."

"बरोबर. आणि दुखतंय फार म्हणून दुप्पट घालू नका. लिव्हरला एका वेळी ठरावीकच काम उरकतं. जास्त ढकललं की साचत जातं. लिव्हर औषधाचे तुकडे करतं, ते तुकडे आणि थोडं जसंच्या तसं औषध लघवीतून बाहेर पडतं."

तेव्हापासून दाजी सकाळी सहाला ओल्या कोंड्याच्या मुठीत पूड कालवून आजोबाला चारत, आणि घड्याळ लावून तासाभरानं गवत टाकत. कुणी विचारलं नाही तरी सांगत. अपमानाचंही तसंच असतं हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सकाळी भरल्या पोटी गिळलेला साखऱ्याचा एखादा विनोद त्यांना बरोबर संध्याकाळी चढायचा.

तर अशात मोठ्या शर्यतीच्या तीन दिवस आधी टिकलीच्या ठाणामागचा नळ फुटला. ठाणात घोटाभर पाणी आणि शेजारच्या खोलीतल्या लाकडी भुशाच्या गोण्यांचा चिखल. टिकली कायम भुशावरच असायची. ट्रेनरसाहेबांनी उभ्या उभ्या फर्मान काढलं. "टिकलीला आजोबाच्या ठाणात हलवा. आजोबा तीन दिवस मागच्या पडवीत राहील. दाजी, तो जुना पेंढा सगळा उपसा, जमीन धुऊन काढा आणि नवा पेंढा घाला."

साखऱ्या लगेच पुढं झाला. "दाजी, राहू द्या, मी करतो. तुमची कंबर..."

"माझ्या ठाणात मी बघेन काय करायचं ते," दाजी म्हणाले. "तू तुझी घोडी सांभाळ."

त्यांनी दाताळं उचललं. दोन-तीन वेळा मारलंही. आजोबाचं ठाण म्हणजे वर कोरडं आणि खाली हात-हात खोल ओला, तपकिरी, वास मारणारा पेंढा. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना मऊ लागावं म्हणून दाजी तो रोज उपसत नसत, वरच्यावर थर चढवत. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. अंगणात साखऱ्या टिकलीला धरून उभा होता, आणि टिकली आपलं ठिपक्याचं कपाळ त्याच्या छातीवर घासत होती. वर खाली, वर खाली. अगदी शिंगरू असताना दाजींच्या छातीवर घासायची तसं.

दाजींनी दाताळं भिंतीला टेकवलं. त्याच्या घोडीसाठी मी मुतरा पेंढा उपसू? मी? त्यांनी नव्या पेंढ्याचे तीन भारे सोडले, जुन्यावर पसरले, पायानं सारखे केले. वरून ठाण कसं नव्या नवरीसारखं दिसत होतं. नळावर हात धुताना एकदा त्यांच्या मनात आलं. आजोबाची लघवी. पूड. आणि टिकलीची ती खोड. ती खोड तबेल्यात फक्त त्यांनाच माहीत होती. पण मनात आलेलं सगळंच माणूस ऐकतो असं नाही. बघू, म्हणाले, आणि चहाला गेले.

टिकली शर्यत जिंकली. अशी जिंकली की बघणाऱ्यांनी टोप्या उडवल्या. नंतर तपासणीच्या खोलीत साखऱ्यानं शीळ घातली, टिकलीनं तपासनिसाच्या लांब दांड्याच्या भांड्यात लघवी केली, आणि तो तपासनीस म्हणाला, "वा, काय शिकवलंय हो घोडीला!" साखऱ्या हसला. दाजी तिथंच, तीन पावलांवर, ओला टॉवेल घेऊन उभे होते.

रविवारी सासूबाईंकडं जेवायला सगळे जमले. भिंतीवर साखऱ्याचा आणि टिकलीचा फोटो, चौकटीसकट. ताटात मोठा तुकडा धाकट्या जावयाला. सासूबाई म्हणाल्या, "हातात गुण असावा लागतो हो. नुसती वर्षं मोजून काय होतंय?" बायकोनं टेबलाखालून दाजींच्या पायावर पाय दाबला. दाजी पाणी प्यायले.

बारा दिवसांनी अहवाल आला. टिकलीच्या लघवीत औषध सापडलं होतं. सूज उतरवणारं, दुखणं दडपणारं. शर्यतीच्या घोड्याच्या अंगात त्याचा कणही चालत नाही.

तबेल्यात एकच बोलणं सुरू झालं. साखऱ्यानं घोडीचं लंगडणं लपवायला औषध दिलं असणार आणि किती दिवस आधी थांबवायचं ते त्याचं चुकलं असणार. अहवालातला आकडा फार लहान होता, पण त्यानं काय होतंय? जुन्या डोसाची उरलेली शेपटी आणि काल खाल्लेला नवा कण, लघवीत दोन्ही सारखेच दिसतात. साखऱ्याला फाटकाच्या आत यायला बंदी झाली. दहा दिवसांनी चौकशी होती. दोष सिद्ध झाला तर त्याचा परवाना जन्माचा जाणार होता, आणि घोड्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

खोटं कशाला बोला, दाजींना पहिले दोन दिवस आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तोंड पाडून ते सगळ्यांबरोबर च्‌ च्‌ करत आणि घरी आल्यावर दोन घास जास्त जेवत. सासूबाईंनी फोटो काढून कपाटावर पालथा ठेवला होता. तो पालथा फोटो दाजींनी दोनदा मान वळवून बघितला.

डॉक्टरबाईंना मात्र तो आकडा खटकत होता. त्या येऊन आजोबाच्या ठाणाच्या दारात उभ्या राहिल्या. "इतकं थोडं औषध, दाजी, की त्यानं माशी चावलेलीसुद्धा थांबणार नाही. मी सारखा विचार करतेय, टिकली इथं तीन दिवस होती. तुम्ही ठाण पूर्ण उपसलं होतं ना? खालपर्यंत?"

"हो तर," दाजी म्हणाले. "म्हणजे काय!"

बाईंनी मान हलवली आणि गेल्या. दाजींना दिवसभर वाटत राहिलं की सगळे आपल्या हातांकडं बघतायत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ठाण तोवर त्यांनी गुपचूप उपसून, धुऊन, फिनेल टाकून लख्ख केलं होतं.

आणि टिकली त्यांना परत मिळाली. दुसरं कोण होतं? ट्रेनरसाहेब म्हणाले, "दाजी, तुम्हीच घ्या आता." दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य. ते वाक्य ऐकून दाजी ताठ चालत तिच्या ठाणाकडं गेले. पावलं वाजली. टिकलीनं कान टवकारले, मान बाहेर काढली, बघितलं. आणि तोंड फिरवून भिंतीकडं उभी राहिली.

चार दिवस तिनं दाण्याची चंदी निम्मी टाकली. पाचव्या दिवशी दाजींनी जे केलं ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं. त्यांनी खिशात साखरेचे खडे घातले. इकडं तिकडं कुणी नाही बघून, साखऱ्या चालतो तसं, टाच जरा घासत, अंगणातून चालत आले. टिकली खिंकाळली. मोठ्यानं, आनंदानं, सगळ्या तबेल्याला ऐकू जाईल अशी खिंकाळली. दाजींचा चेहरा दारात दिसला, आणि तिचा आवाज मधेच तुटला. त्यांनी तळहातावर साखर धरली. ती तिनं खाल्ली, पण उगीच, पाहुण्यानं दिलेली खावी तशी.

"मर मग," दाजी तिला म्हणाले आणि बादलीवर बसून राहिले. डोळे पुसायला रुमाल नव्हता म्हणून टॉवेलनं पुसले. घरी बायकोनं विचारलं, "अहो, खरं सांगा, त्यानं दिलं असेल हो औषध?" दाजी म्हणाले, "कोण जाणे." म्हणाले आणि ताटावरून उठले.

चौकशीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचे पेले, करकरणारा पंखा. टेबलामागं तीन माणसं, त्यातले मधले अध्यक्ष. कडेला कारकून लिहायला. साखऱ्या इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याचं हसू गेलं होतं आणि त्याशिवाय तो कुणी वेगळाच माणूस दिसत होता. दाजींना एवढंच सांगायला बोलावलं होतं की ठाण साफ केलं होतं. ते त्यांनी सांगितलं. कारकुनानं लिहून घेतलं.

मग डॉक्टरबाई उठल्या. "माझी एक शंका आहे. आजोबा नावाच्या घोड्याला रोज हेच औषध चालू आहे. त्याच्या लघवीतून ते पेंढ्यात उतरतं. जमिनीवर कुठं जुना पेंढा राहिला असेल आणि टिकलीनं तो खाल्ला असेल, तर लघवीत एवढंच सापडेल. ही घोडी अंथरलेला पेंढा खाते का, एवढं कळायला हवं."

अध्यक्षांनी साखऱ्याकडं बघितलं. सुटकेचं दार बाईंनी अक्षरशः उघडून धरलं होतं. 'हो' म्हटलं की गडी बाहेर.

साखऱ्या म्हणाला, "नाही साहेब. दोन वर्षांत तिला अंथरूण खाताना मी कधी बघितलं नाही."

"विचार करून सांगा."

"केला साहेब. नाही खात."

ट्रेनरसाहेबांनी सुस्कारा सोडला. "तो नाही म्हणतोय म्हणजे नाहीच. त्याच्याइतकं त्या घोडीला कुणी ओळखत नाही."

दाजींची खुर्ची मागं पडली तेव्हा आपण उठलो हे त्यांना कळलं. "त्याला काय माहीत?" त्यांचा आवाज चिरकला. "त्याला भुशावरची घोडी आयती मिळाली! आठ महिन्यांची असल्यापासून पेंढा खाते ती! वरचा नाही, वरच्याला तोंड लावत नाही. वरचा नाकानं बाजूला सारते आणि खालचा काढते, ओला, खारट. दोनदा पोट धरून आडवी झाली होती, मी तासन्‌तास चालवलंय तिला अंगणात. तिला भुशावर ठेवा असं मी सांगितलं होतं, मी! का, ते कुणी विचारलं का? ओळखतो म्हणे! हा काय ओळखतो तिला!"

दाजी धापा टाकत उभे होते, आणि छाती कशी भरून आली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा सगळे त्यांच्याकडं बघत होते.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "पण दाजी, खालचा पेंढा तर तुम्ही काढला होतात ना?"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. दाजींनी खुर्ची उचलली, सरळ केली, पण बसले नाहीत. साखऱ्या त्यांच्याकडंच बघत होता. त्याला कळलं होतं, हे दाजींना दिसलं.

"नाही काढला," ते म्हणाले. "वरून नवा पसरला. तीन भारे."

"का?" अध्यक्षांनी विचारलं.

का! तिनं त्याच्या छातीला कपाळ घासलं म्हणून. हे काय सांगणार, आणि कारकून ते कोणत्या रकान्यात लिहिणार?

"कंटाळा केला," दाजी म्हणाले.

कारकुनानं लिहिलं, कंटाळा. सगळ्या नोकरीत एका दिवसाची उशिराची हजेरी नसलेल्या माणसाच्या नावापुढं तो शब्द बसला.

निकाल तासाभरात लागला. साखऱ्या निर्दोष. शर्यतीचं बक्षीस दुसऱ्या घोड्याला. दाजींना वर्षभर तबेल्याची बंदी, आणि पुढं परत घ्यायचं की नाही ते ट्रेनरसाहेबांच्या मर्जीवर. ट्रेनरसाहेब सरळ गाडीत जाऊन बसले.

दाजी बाहेरच्या बाकावर बसले होते. साखऱ्या येऊन समोर उभा राहिला. दाजींना वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कंटाळा केला म्हणे," साखऱ्या म्हणाला. "तुम्ही! उद्या सांगाल घोड्याला शिंगं असतात." तो एक पाऊल पुढं आला. "माझी बायको दहा दिवस दाराबाहेर पडली नाही, दाजी. शेजारीपाजारी खिडकीतून बघायचे. तुमच्या तोंडावर थुंकावंसं वाटतंय मला."

"थुंक."

तो थुंकला नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"मला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणता, माहीत आहे मला. बरोबरच म्हणता," तो म्हणाला. "सगळे म्हणतात घोडी माझी, घोडी माझी. आणि आत्ता सगळ्यांसमोर कळलं की ती काय खाते हेसुद्धा मला माहीत नाही. तिचं लहानपण सगळं तुमच्याकडं. दोन वर्षं. तुम्ही नुसते ठाणावरून गेलात तरी ती कान टवकारते, ते बघून माझा जळफळाट व्हायचा. मी चार खडे दिल्याशिवाय जवळ येत नाही ती."

दाजींनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की चूल एकाच घरात पेटलीय.

"अजून काय माहीत नाही मला?" साखऱ्यानं विचारलं. विचारताना त्यानं दाजींकडं बघितलं नाही.

दाजी सावकाश सांगायला लागले. "वीज कडाडली की बुजते. तेव्हा डावा कान धर, अगदी मुळाशी, आणि दाबून ठेव. शांत होते."

साखऱ्यानं मान हलवली. ओठ पुटपुटत होते, पाठ करत असल्यासारखे. "डावा. मुळाशी."

"आणि नव्या बादलीतलं पाणी पीत नाही. आधी त्यात तुझा हात बुडव. तिला वास लागतो."

"हात बुडवायचा. बरं. अजून?"

अजून एक होतं. खालच्या ओठाखाली तळहात धरून नाकपुडीत हळूच फुंकर घातली की ती डोळे मिटून सगळं डोकं माणसाच्या खांद्यावर टाकत असे आणि उभ्या उभ्या झोपत असे. गेल्या दहा दिवसांत ते करून बघायचा दाजींना धीर झाला नव्हता. न जाणो, विसरली असली तर.

"अजून काही नाही," दाजी म्हणाले.